बुद्धीची मोजपट्टी आखणारे आल्फ्रेड बिने

बीडजवळच्या पालीसारख्या गावातून आईवडील आपल्या मुलाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन जातात. तेथे मुलाला चित्रे दाखविली जातात, आकडे त्याच क्रमाने पुन्हा म्हणावयास सांगितले जातात, दोन वस्तूंमधील फरक विचारला जातो. या प्रश्नांचे मूळ शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये आहे. ते मराठीत आणले डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. १९३० च्या दशकात धारवाड परिसरातील मुलांवर पारखून त्यांनी या चाचणीची मराठी व कन्नड रूपे सिद्ध केली आणि १९४० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बिने-कामत चाचणी या जोडनावातील पहिले गृहस्थ म्हणजे आल्फ्रेड बिने.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघे विभक्त झाले आणि आईने मुलाला पॅरिसला आणले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पण वकिलीत मन रमले नाही. राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्र वाचू लागले. या विषयातील रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. याचा फायदाही झाला आणि तोटाही.

तोटा आधी झाला. सालपेत्रिएर रुग्णालयात ज्यां-मार्तें शार्को यांच्या हाताखाली ते उन्माद आणि संमोहन यांच्या अभ्यासात शिरले. लोहचुंबक फिरवताच रुग्णाच्या शरीरातील लक्षण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते, असा दावा बिने आणि त्यांचे सहकारी शार्ल फेरे यांनी केला. बेल्जियमच्या जोसेफ देलब्योफ यांनी तो खोडून काढला. रुग्णांना काय अपेक्षित आहे हे आधीच ठाऊक असे. त्यांच्यासमोरच सारी चर्चा चाले. बिने यांना अखेर जाहीर माघार घ्यावी लागली. परीक्षकाची अपेक्षा नकळत उत्तरात उतरते, हा धडा मात्र त्यांनी जन्मभर जपला.

१८९१ मध्ये रूआंच्या रेल्वे स्थानकावर त्यांची प्राध्यापक आंरी बोनी यांच्याशी गाठ पडली आणि त्यांनी तेथेच काम मागितले. सोर्बोनच्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. पुढे ते तिचे संचालक झाले. फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मात्र त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. याच काळात घरात वाढणाऱ्या माद्लेन आणि अ‍ॅलिस या मुली त्यांच्या निरीक्षणाचा विषय झाल्या. एकाच घरातील दोन बहिणी किती वेगळ्या रीतीने विचार करतात, हे त्यांनी बारकाईने टिपले. डोक्याच्या घेरावरून बुद्धी कळते, हा त्या काळचा लाडका समज त्यांनी शाळकरी मुलांची डोकी मोजून तपासला. फरक इतका किरकोळ निघाला, की आपल्या अपेक्षेनेच माप झुकत असावे, असा संशय त्यांना आला आणि त्यांनी तो मार्ग सोडला. स्वतःच्या हातावर असा संशय घेणारे संशोधक तेव्हाही थोडेच होते.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने वर्गात मागे पडणाऱ्या मुलांसाठी आयोग नेमला आणि बिने त्याचे सदस्य झाले. शिक्षण सक्तीचे झाले होते. शिकू न शकणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा होता. बिने आणि तरुण डॉक्टर तेओदोर सिमाँ यांनी निरनिराळ्या रुग्णालयांचे दाखले ताडून पाहिले, तेव्हा एकाच मुलाला एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरेच निदान चिकटलेले आढळले. वेडसरपणा, बुद्धिमांद्य, बहिरेपणा, की नुसती शाळेची गैरहजेरी, हे डॉक्टरच्या मर्जीवर ठरत होते. चुकीच्या शिक्क्याने मूल आयुष्यभर वेड्यांच्या इस्पितळात पडण्याची भीती होती.

यावर उपाय म्हणून १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मोजपट्टी आली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, यापासून ती सुरू होई. चॉकलेट कोणते आणि लाकडाचा तुकडा कोणता, माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय, असे करीत ती अमूर्त शब्दांच्या अर्थभेदापर्यंत पोहोचे. १९०८ मध्ये हेच प्रश्न वयानुसार लावले गेले. पण केवळ याच उत्तरांवर निदान करू नये, असे बिने यांनी बजावले होते. वैद्यकीय तपासणी आणि शिक्षकाने केलेली पाहणी तिच्या जोडीला हवीच, आणि परीक्षा घेणारा माणूस अनुभवी हवा. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या मताला त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष, स्मरण आणि निश्चय यांचे व्यायामही सुचविले.

एवढा शिस्तीचा हा माणूस फावल्या वेळात आंद्रे द लॉर्द यांच्यासह पॅरिसच्या रंगभूमीसाठी वेड्यांच्या इस्पितळांतील थरारक नाटके लिहीत असे, हे वाचून आश्चर्य वाटते.

मोजपट्टीची तिसरी सुधारणा १९११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, वयाच्या ५४ व्या वर्षी, बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीचे विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत हेन्री गॉडर्ड यांनी व्हाइनलँडच्या संस्थेत ही चाचणी आधीच नेली होती. १९१६ मध्ये लुइस टर्मन यांच्या हातून ती स्टॅनफर्ड-बिने झाली आणि बुद्ध्यांक घरोघरी पोहोचला. बुद्धी उपजतच असते असे मानणाऱ्या मंडळींनी या आकड्याचा आधार घेऊन स्थलांतरितांना नाकारण्याची आणि दुर्बलांची सक्तीने नसबंदी करण्याची भाषा सुरू केली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात अशा नसबंदीला मान्यताही दिली.

त्याच व्हाइनलँडच्या नावाची, माणूस स्वतःचे जेवणखाण, कपडे, व्यवहार कितपत सांभाळतो हे पाहणारी दुसरी मोजपट्टी पुढे निघाली. नागपुरात डॉ. मालिन यांनी तिचे भारतीय रूप केले आणि आपल्याकडे प्रमाणपत्र देताना आता तीही लावतात. केवळ आकड्यावर न थांबण्याचा बिने यांचा आग्रह असा आडवळणाने परत आला. त्यांचे सहकारी सिमाँ १९६१ पर्यंत जगले. बुद्ध्यांकाने मूळ हेतूशीच प्रतारणा केली, ही त्यांची तक्रार अखेरपर्यंत कायम राहिली.