कमला निंबकर
कमला विष्णू निंबकर (१९०० – १९७९) या भारतातील व्यवसायोपचाराच्या, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीच्या, प्रवर्तक होत्या. माहेरच्या एलिझाबेथ लंडी यांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या. कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र होत.

कार्य
मुंबईत मुलांसाठी शाळा चालवल्यानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी आशियातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटनेच्या त्या संस्थापक होत्या.

महत्त्व
सेरेब्रल पाल्सी, अर्थात मेंदूचा पक्षाघात, झालेल्या मुलाचे स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. बुद्धी शाबूत असूनही केवळ हात वळत नाही म्हणून असे मूल शाळेबाहेर राहू शकते. व्यवसायोपचारात चमचा धरणे, गुंड्या लावणे, लिहिणे अशी नित्याची कामे टप्प्याटप्प्याने शिकवली जातात. या कामासाठी लागणारे प्रशिक्षित उपचारतज्ज्ञ भारतात घडू लागले, ते निंबकर यांच्या विद्यालयापासून.

स्मृती
फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेच्या मराठी माध्यमाच्या शाळेस कमला निंबकर बालभवन असे नाव देण्यात आले आहे.