सार्वजनिक रस्त्याचा हक्कदार : महात्मा अय्यनकाळी

महाडचा संग्राम वर्गात शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो की, पाण्याच्याही आधी रस्त्यासाठी कोण लढले? उत्तर क्वचितच येते.

त्रावणकोर संस्थानातील वेंगानूर येथे २८ ऑगस्ट १८६३ रोजी पुलयर जातीत अय्यनकाळींचा जन्म झाला. अक्षरओळख नाही, राबायचे ते जमीनदाराच्या भातखाचरात. सरकारी रस्ते कागदोपत्री सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात पुलयरांना त्यांवर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. १८९३ साली या तरुणाने बैलगाडी विकत घेतली, शुभ्र वस्त्रे व डोईला पागोटे परिधान केले आणि भर रस्त्याने गाडी हाकली. अडवणाऱ्यांपुढे ते हटले नाहीत. पुढे सोबत्यांसह ते बाजाराकडे पायी निघाले, तेव्हा बलरामपुरम येथे रक्त सांडले. चवदार तळ्याच्या चौतीस वर्षे आधी निघालेली ही गाडी आमच्या पाठ्यपुस्तकांना अद्याप दिसलेली नाही!

१९०७ मध्ये त्यांनी साधुजन परिपालन संघम स्थापन केला. मुलांना शाळेत घेत नाहीत, तर शेतात कोणी उतरणार नाही, असा निर्धार करून त्यांनी शेतमजुरांचा संप घडविला. खाचरांत तण माजले. चुली विझल्या, तरी माणसे फुटली नाहीत. पंचमी नावाच्या मुलीचा हात धरून ते ऊरुट्टंबलमच्या शाळेत गेले, तेव्हा सवर्णांनी ती शाळाच जाळली. वसतिगृहात पाल्याला निश्चिंतपणे सोडून जाणाऱ्या पालकांनी ती राख क्षणभर डोळ्यांपुढे आणावी.

सभा भरविणे हाही तेव्हा गुन्हाच ठरे. १९१५ साली पेरिनाड येथे पुलयरांच्या सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली, झोपड्या जाळल्या गेल्या. स्त्रियांच्या गळ्यातील दगडी माळांचे दास्यचिन्ह टाकून द्यावे, हा त्या सभेचा विषय. अय्यनकाळी माघारले नाहीत. कोल्लम येथे सर्कशीच्या तंबूत पुन्हा सभा भरली, आणि तेथे जमलेल्या स्त्रियांनी सर्वांदेखत त्या माळा तोडून फेकल्या. सभा उधळणाऱ्यांना दिलेले याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

श्रीमूलम प्रजासभेचे सदस्य म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे जमीन, शाळा व रस्ते यांचीच मागणी लावून धरली. १९३७ मध्ये गांधीजी वेंगानूरला आले, तेव्हा वृद्ध अय्यनकाळींनी आपल्या समाजातून दहा बी. ए. झालेले पाहण्याची इच्छा व्यक्त केली. १८ जून १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.