विल्बरफोर्स यांची अफूची गोळी

१७८८ सालच्या फेब्रुवारीत विल्यम विल्बरफोर्स लंडनमध्ये अंथरुणाला खिळले होते. वय अवघे २८. ब्रिटिश संसदेत यॉर्कशायरसारख्या मोठ्या मतदारसंघाचे ते प्रतिनिधी आणि पंतप्रधान विल्यम पिट यांचे जिवलग मित्र. वर्षभरापूर्वीच त्यांनी आफ्रिकी गुलामांचा व्यापार बंद पाडण्याचे काम अंगावर घेतले होते. आता पोटात असह्य कळा, जुलाब, ताप आणि उतरलेली भूक यांनी त्यांचे शरीर पोखरून टाकले होते. मुळात ठेंगणे आणि किडकिडीत असलेले विल्बरफोर्स यातून उठतील, अशी आशा डॉक्टरांनाही फारशी उरली नव्हती.

हा आजार नेमका कोणता, हे तेव्हाच्या वैद्यकाला सांगता येणे शक्य नव्हते. त्यांची लक्षणे वाचून पुढच्या अभ्यासकांनी तो अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला वारंवार सूज आणि जखमा होण्याचा विकार असावा, असे मानले आहे. या विकाराला हे नाव मिळाले तेच १८५९ मध्ये. डॉक्टरांनी विल्बरफोर्स यांना बाथ येथील झऱ्यांचे पाणी प्यायला पाठवले आणि सोबत एक औषध लिहून दिले : अफू.

औषध घ्यायला ते नाखूश होते. त्या काळी इंग्लंडमध्ये अफूला कसलाच मज्जाव नव्हता. मद्यात विरघळवलेली अफू ‘लॉडनम’ या नावाने कुठल्याही दुकानात मिळे, रडणाऱ्या तान्ह्या मुलांनाही ती पाजली जाई आणि तिच्या विक्रीवर पहिला कायदेशीर लगाम बसायला १८६८ साल उजाडावे लागले. तरीही स्वतःवर ताबा ठेवणे हे विल्बरफोर्स यांच्या धर्मनिष्ठेचे मोठे अंग होते. तीन वर्षांपूर्वीच पत्ते, जुगार आणि रात्र रात्र चालणाऱ्या मैफली त्यांनी सोडल्या होत्या. डॉक्टरांनी समजूत घातल्यावर त्यांनी गोळी घेतली, आणि ते उठले. मे महिन्यात गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न त्यांच्या वतीने पिट यांनी सभागृहात मांडला. पुढच्या वर्षी, १२ मे १७८९ रोजी, स्वतः विल्बरफोर्स उभे राहिले आणि साडेतीन तास बोलले.

तेव्हापासून अफू त्यांच्या आयुष्यातून गेली नाही. १७८८ ते १८३३, म्हणजे जवळजवळ ४५ वर्षे. इतका काळ अफू घेणारा माणूस म्हटला की डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते विल्बरफोर्स यांना लागू पडत नाही. १८१८ मधील त्यांच्या नोंदीनुसार गोळ्या दिवसाला तीनच होत्या : एक न्याहारीनंतर, एक संध्याकाळच्या चहानंतर, एक झोपताना. प्रत्येक गोळी चार ग्रेनची. मात्रा बऱ्याच काळापासून तेवढीच असल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. औषध सुरू होऊन तोवर ३० वर्षे झाली होती.

त्यांच्याच काळातले दुसरे उदाहरण कवी सॅम्युएल टेलर कोलरिज यांचे. त्यांचीही सुरुवात दुखण्यातूनच झाली. पण कोलरिज लॉडनमची मात्रा स्वतः ठरवत गेले. दुखले म्हणून घ्यायचे, मन उदास झाले म्हणून घ्यायचे, घेतल्याची लाज वाटली म्हणून पुन्हा घ्यायचे. मात्रा चढत गेली; संसार आणि मैत्र्या विसकटल्या. शेवटी १८१६ मध्ये ते लंडनजवळच्या हायगेट येथे जेम्स गिलमन या डॉक्टरांच्या घरी राहायला गेले, ते औषध किती घ्यायचे हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावे म्हणून. अफू पुरती सुटली नाही, पण आटोक्यात आली आणि पुढची १८ वर्षे ते तिथेच राहिले. अफूच्या अनुभवांवर १८२१ मध्ये गाजलेले पुस्तक लिहिणारे टॉमस डी क्विन्सी यांनीही १८०४ मध्ये पहिल्यांदा ती घेतली दातदुखीसाठी. पुढे सुखासाठी घेऊ लागले आणि आयुष्यभर तिच्याशी झगडत राहिले.

अफू तीच होती, बाजारही तोच. विल्बरफोर्स यांचे निराळेपण त्यांच्या चारित्र्यात शोधण्याचा मोह होतो आणि त्यांच्या चरित्रकारांना तो झालाही आहे. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर काही साध्या गोष्टी दिसतात. औषध एका ठरावीक आजारासाठी होते, वेळा बांधलेल्या होत्या, मात्रा मोजलेली होती आणि ती वाढवायची वेळ आली की ते हात आखडता घेत. मनाला बरे वाटावे म्हणून गोळी घ्यायची नाही, हा दंडक त्यांनी पाळला.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. अफू, मॉर्फिन किंवा त्यांच्या जातीचे कुठलेही औषध बरेच दिवस घेतले की शरीराला त्याची सवय होते आणि ते अचानक बंद केले तर घाम, शिंका, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. हे कुणालाही होऊ शकते. त्याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे नुकसान होत असल्याचे दिसूनही औषधाच्या मागे धावणे, ते मिळवण्यासाठी काहीही करणे. विल्बरफोर्स यांच्या शरीराला सवय नक्कीच झालेली असणार. कोलरिज दुसऱ्या पायरीवर गेले होते. रुग्णाच्या घरचे लोक आजही या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसालाही मॉर्फिन नको म्हणतात.

मात्र विल्बरफोर्स यांची गोष्ट अफूची जाहिरात नव्हे. मेंदू, मज्जारज्जू आणि आतडे या तिन्ही ठिकाणी अफूतील मॉर्फिन काम करते. वेदनेचा निरोप मंदावतो, तशी आतड्याची हालचालही. म्हणूनच विल्बरफोर्स यांचे जुलाब थांबत. आजचे डॉक्टर मात्र कोलायटिस उसळलेला असताना असे औषध देताना कचरतात, कारण सुजलेले आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते. आज मुळातली सूज उतरवणारी औषधे आहेत. त्यांच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही. शिवाय अफूच्या बऱ्याच दुष्परिणामांची शरीराला सवय होते, पण बद्धकोष्ठ आणि आकसलेल्या बाहुल्या यांची फारशी होत नाही. त्यांची नजर आधीच अधू होती, ती उतारवयात फारच खालावली. मेणबत्तीच्या उजेडात वाचणाऱ्या माणसाला आकसलेल्या बाहुल्यांचा किती जाच झाला असेल, याचा अंदाज करावा. कागदांचा पसारा, विसरभोळेपणा, एका कामावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याची खोड यांतही काही चरित्रकारांना अफूचा हात दिसतो. तो होता की नाही, हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही.

बारा ग्रेन म्हणजे साधारण ७८० मिलिग्रॅम अफू. अफूत मॉर्फिन ढोबळमानाने दहा टक्के धरले तर दिवसाला ७०-८० मिलिग्रॅम मॉर्फिन. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, जुनाट वेदनेसाठी दिवसाची मात्रा ५० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी होऊ लागली की फायदा आणि धोका यांचा नव्याने काळजीपूर्वक विचार करायचा असतो. म्हणजे विल्बरफोर्स आज डॉक्टरांसमोर बसले असते, तर त्यांना बरेच प्रश्न विचारले गेले असते. औषधाने चालणे-फिरणे, झोप, काम सुधारले का? दुसरे उपाय करून पाहिले का? मद्य घेता का, झोपेच्या गोळ्या घेता का? या शेवटच्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो, कारण ही औषधे श्वास मंद करतात आणि मद्य किंवा झोपेची गोळी जोडीला आली की तो थांबूही शकतो. पोट साफ राहण्याचे औषध सहसा पहिल्या दिवसापासून सोबत दिले गेले असते. बंद करायचे ठरले, तर मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवली गेली असती. आणि गोळ्या कुलपात ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका, असेही बजावले गेले असते. आपल्याकडे कंबरदुखीला शेजाऱ्याची ट्रॅमाडॉलची गोळी सहज घेतली जाते. तीही याच जातीची आहे आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

संसदेतली लढाई आजारपणाइतकीच चिवट निघाली. १७९१ मध्ये विधेयक १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडले. १७९६ मध्ये अवघ्या चार मतांनी पडले, आणि त्यानंतर विल्बरफोर्स पुन्हा आजारी पडले. फेब्रुवारी १८०७ मध्ये ते २८३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाले. आपल्याकडे त्यांचे नाव १८१३ च्या सनदेमुळे येते. मिशनऱ्यांना हिंदुस्थानचे दार उघडावे म्हणून त्यांनी जोर लावला आणि ते उघडले. हिंदू धर्माविषयीची त्यांची तेव्हाची मते आज वाचवत नाहीत. ज्या कंपनीच्या सनदेवर ते बोलत होते, तिची बंगालची अफू त्याच वर्षांत चीनमध्ये जात होती.

उतारवयात त्यांचा कणा वाकला, मान छातीवर झुकली. कपड्यांच्या आत ते चामड्यात मढवलेला पोलादी पट्टा बांधत आणि त्याची वाच्यता होऊ देत नसत. १८२५ मध्ये त्यांनी संसद सोडली. २६ जुलै १८३३ रोजी गुलामगिरीच नष्ट करणारे विधेयक मंजूर होणार हे नक्की झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता. तीन दिवसांनी, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत, पिट यांच्या जवळच, त्यांना पुरण्यात आले.