विजेची पेटी घेऊन फिरणारा डॉक्टर

पक्षाघातानंतर लुळ्या हाताला विजेचा सौम्य प्रवाह देतात, तेव्हा अनेकांना हे नवे तंत्र वाटते. त्याची मुळे पावणेदोनशे वर्षे मागे, गियोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांपर्यंत जातात.

उत्तर फ्रान्समधील बुलोन बंदरातील दर्यावर्दी घराण्यात १८०६ साली त्यांचा जन्म झाला. मुलाने समुद्रावर जावे ही वडिलांची इच्छा. मुलगा पॅरिसला जाऊन डॉक्टर झाला. गावी परतून दवाखाना थाटला, लग्न केले. पण बाळंतपणात पत्नी दगावली. त्या वेळी जवळ एकटे द्युशेनच होते, एवढ्यावरून सासरच्यांनी त्यांना बोल लावला. तान्हा मुलगाही दुरावला.

१८४२ मध्ये त्यांनी पुन्हा पॅरिस गाठले. रुग्णालयात पद नव्हते, ते कधी मिळालेही नाही. विजेची पेटी घेऊन ते वॉर्डांतून फिरत, तरुण डॉक्टर टिंगल करत.

तोवर विजेसाठी स्नायूंत सुया टोचत. ओले इलेक्ट्रोड नुसते त्वचेवर ठेवूनही हवा तो स्नायू आकुंचन पावतो, हे द्युशेन यांनी दाखवले. १८५५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मला त्यांचे सर्वांत मोलाचे वाटते ते निरीक्षण वेगळेच. मेंदूच्या आजाराने लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू विजेला प्रतिसाद देतात. हाताची नसच निकामी झाली असेल तर देत नाहीत. म्हणजे पक्षाघातात तार शाबूत असते, वरून हुकूम येत नाही.

आजचा उपचार याच आधारावर उभा आहे. मनगट आणि बोटे उघडणाऱ्या स्नायूंवर, म्हणजे कोपराखाली हाताच्या मागल्या बाजूला, पट्ट्या लावतात. प्रवाह सुरू होताच रुग्णानेही मनगट उचलण्याचा प्रयत्न करायचा. यंत्र लावून नुसते पडून राहिल्यास फायदा थोडा. नातेवाइकांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. व्यायाम हवाच. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा.

पुढे मुलांमधील स्नायूक्षयाच्या एका आजाराला द्युशेन यांचे नाव मिळाले. शार्कोंसारखे नामवंत त्यांना गुरू मानत. सुमारे तीस वर्षांनी मुलगाही डॉक्टर होऊन त्यांच्याकडे आला, पण त्यांच्याआधीच गेला. १८७५ मध्ये द्युशेन यांचा मृत्यू झाला, मेंदूतील रक्तस्रावाने.