कै. अनसूयाबाई काळे व चिमूरच्या भगिनी

चिमूर हे गाव आमच्या वाचकांस नवे नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे निघालेली प्रभातफेरी, पोलिसांचा गोळीबार, त्यात बळी पडलेला बालाजी रायपूरकर, आणि चवताळलेल्या जमावाच्या हातून झालेली सरकारी अंमलदारांची हत्या ही हकिकत आपल्या जिल्ह्यात अजून सांगितली जाते. त्यानंतर फौज आली व गावातील स्त्रियांवर जो प्रसंग गुदरला, तो मात्र खालच्या आवाजात सांगितला जातो, किंवा मुळीच सांगितला जात नाही. त्या स्त्रियांची कैफियत जगासमोर यावी म्हणून जी मंडळी पुढे झाली, त्यांपैकी एका थोर बाईंचे अल्प चरित्र ह्या ज्युबिली अंकात द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ सालचा. माहेरचे आडनाव भाटे. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांचे शिक्षण झाले व विवाहानंतर नागपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. १९२८ साली मध्यप्रांताच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. हा मान त्या काळी स्त्रीच्या वाट्यास क्वचितच येई. परंतु १९३० साली सत्याग्रह सुरू होताच त्यांनी तो सोडून दिला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत त्या निवडून आल्या व प्रांतिक असेंब्लीच्या उपाध्यक्ष झाल्या. ह्या निवडणुकीत पुष्कळ स्त्रियांस जे मत मिळाले, ते पतीची मालमत्ता पाहून मिळाले होते. स्वतःच्या नावावर काही नसलेल्या बाईस कायदा कसा ओळखतो, ह्याचा हा नमुनाच होय.

आता चिमूरकडे वळू. फौज १९ ऑगस्टच्या सुमारास गावात शिरली. पुरुष मंडळी पकडली गेली होती अथवा रानात पळाली होती. घरांत उरल्या त्या स्त्रिया व मुले. लुटालूट झाली आणि अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले. बातमी बाहेर फुटल्यावर नागपूरहून डॉ. मुंजे गेले, श्रीमती रमाबाई तांबे प्रभृती भगिनी गेल्या व त्यांनी पीडितांच्या तोंडून वृत्तांत ऐकला. अनसूयाबाईही ह्याच कामी झटल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जी बाई परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तिने अंगावर बेतलेला प्रसंग अंमलदारापुढे उच्चारावा कसा? आणि ज्या सत्तेच्या शिपायांनी अत्याचार केला, त्याच सत्तेकडे फिर्याद न्यावी कशी? शिकलेल्या, वजनदार अशा दुसऱ्या स्त्रीने शेजारी बसून ऐकले, तरच ते शब्द निघावयाचे. ह्या भगिनींनी केले ते एवढेच. पण त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

सरकारने आरोप नाकारले व चौकशीसही नकार दिला. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी उठले. हे विलक्षण तपस्वी गृहस्थ दिल्लीस गेले व व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेले वऱ्हाडचे पुढारी लोकनायक बापूजी अणे यांच्या दारी त्यांनी अन्न वर्ज्य केले. तेथून त्यांस परत पाठविण्यात आले, तरी ते ढळले नाहीत. नोव्हेंबरात सुरू झालेले त्यांचे उपोषण १२ जानेवारी १९४३ रोजी, ६३ दिवसांनी, मध्यस्थी होऊन सुटले. वृत्तपत्रांवर घातलेल्या बंदीच्या निषेधार्थ ६ जानेवारीस देशभर पत्रांनी हरताळ पाळला होता. बंदी उठली. न्यायालयीन चौकशी मात्र झाली नाही, आणि एकाही शिपायास शिक्षा झाली नाही.

ह्याच जिल्ह्यात तीस वर्षांनी असेच घडले, म्हणून क्षणभर पुढे जातो. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. (देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९८२ साली निराळा झाला.) उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांस सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिले; मुलीच्या अंगावर जखमा नाहीत हे त्याचे एक कारण. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात संबंध घडल्याचे सिद्ध झाले व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. चिमूरच्या बायांस हा कायदा लाभला नाही.

अनसूयाबाईंचे दुसरे मोठे काम फाशीच्या कैद्यांचे. चिमूर व आष्टीच्या खटल्यांत अनेकांस मृत्युदंड झाला होता. जमावाने अंमलदारांस मारले हे पापच होय, ह्यात आमच्या मनास संशय नाही. परंतु एका बाजूच्या गुन्ह्यास फाशी व दुसऱ्या बाजूच्या गुन्ह्याची साधी चौकशीही नाही, ह्यास न्याय म्हणवत नाही. अनसूयाबाईंनी कैद्यांच्या बचावासाठी जिवापाड खटपट केली, दाद मागण्याचा एकही मार्ग सोडला नाही, आणि १९४५ साली फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या. ज्यांचे पुरुष परतले, त्या घरांतील स्त्रियांचे वैधव्य टळले. आम्हांस ही दोन्ही कामे एकच वाटतात.

१९४८ साली त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या व १९५२ साली नागपूरकरांनी त्यांस लोकसभेत धाडले. त्या सभासद असतानाच १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा वारसा कायदा मंजूर झाला. आपल्या ख्रिस्ती कन्यांस १९२५ च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा पूर्वीच दिला आहे. तो किती घरांत खरोखर दिला जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

१९५७ साली त्या पुन्हा निवडून आल्या, आणि १९५८ साली सभासद असतानाच त्यांचे देहावसान झाले. रिकाम्या झालेल्या नागपूरच्या जागेवर १९५९ साली निवडून आले ते बापूजी अणे, ज्यांच्या दारी भणसाळी चिमूरच्या भगिनींसाठी उपाशी बसले होते.