विश्लेषण : मराठी बायबल असताना पंडिता रमाबाईंनी नवे भाषांतर का केले?

संस्कृत पंडिता आणि विधवांसाठी झटणाऱ्या सुधारक म्हणून पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) सर्वांना ठाऊक आहेत. पण आयुष्याच्या अखेरच्या पर्वातील अनेक वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली. हे काम म्हणजे मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर.

धर्मग्रंथावर अधिकार कोणाचा?

हा प्रश्न त्यांना लहानपणापासून भिडला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्च लावील तोच अर्थ प्रमाण, हे त्यांना मान्य नव्हते. बायबल स्वतः वाचून विवेकबुद्धीने निर्णय घेण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्यावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला.

जुने भाषांतर का नको होते?

विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्येच मराठी नवा करार निघाला होता. पुढे बायबल सोसायटीच्या आवृत्त्या आल्या. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर असून अनेक शब्द हिंदू धर्मकल्पना सोबत आणतात, असा रमाबाईंचा आक्षेप होता. त्यांच्यासमोर वाचक होत्या त्या केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रिया. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक मुली व विधवांना आणले होते. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या बाईलाही पाद्र्याविना ग्रंथ कळावा, हा त्यांचा हेतू होता.

काम कसे झाले?

त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत लिहिले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि खिळे जुळवण्यासारखी कामे तिथल्या स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले. चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. मात्र मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणणारी स्त्री म्हणून रमाबाईंचे स्थान कायम आहे.