वारस नसलेल्या नवाबाची दौलत

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटे उरली, की दालने रिकामी होऊ लागतात. हस्तिदंती खुर्च्यांसमोरची माणसे, चिनी मातीची भांडी न्याहाळणाऱ्या बायका, खेळण्यांच्या कपाटाला नाक लावून उभी असलेली मुले, सगळी चौकाकडे निघतात. तिथे एक जुने विलायती घड्याळ आहे, कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीने जोडलेले. त्यातला इवलासा लोहार सेकंदा-सेकंदाला घण मारीत असतो. तास भरला, की एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि परत आत जातो. बाराला सर्वांत जास्त टोले, म्हणून गर्दी बाराची. टोले संपले की मुले टाळ्या वाजवतात आणि गर्दी पांगते. हे घड्याळ आपल्यासाठी मागे ठेवून गेलेल्या माणसाची आठवण मात्र कुणाला होत नाही. मलाही पहिल्या दोन खेपांना झाली नव्हती.

तिसऱ्या खेपेला झाली, त्याचे कारण माझी जुनी नोकरी. बँकेत असताना मयत खातेदारांच्या ठेवींचे दावे माझ्या टेबलावर येत. वारसांचे दाखले, हरकती, सह्या. चार तोळे सोन्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले मी पाहिले आहेत. म्हणून त्या दिवशी संग्रहालयातल्या गर्दीत मनात आले, की एवढ्या दौलतीच्या वाटण्या झाल्या कशा नाहीत?

ही दौलत मीर युसूफ अली खान यांची. इतिहास त्यांना तिसरे सालारजंग म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, १३ जून १८८९ चा. आजोबा पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, निजामाच्या राज्याचे दिवाण होते आणि तिथल्या कारभाराची घडी त्यांनीच बसवली. वडील मीर लायक अली खान हे दुसरे सालारजंग. तेही दिवाण झाले, पण १८८७ मध्ये ते पद सुटले आणि १८८९ च्या जुलैत ऐन तारुण्यात ते वारले. मूल तेव्हा महिन्याचेही झाले नव्हते.

अशा रीतीने पाळण्यातल्या बाळाच्या नावावर केवढी तरी जहागीर आली. तेलंगणापासून कर्नाटकातल्या कोप्पळपर्यंत तिची गावे विखुरलेली होती. आपल्याकडचे अजिंठा गावही त्याच जहागिरीत मोडत असे. पोराला सगळे काही होते, फक्त वडील नव्हते.

१९१२ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी या तरुणाला दिवाण नेमले. वय अवघे तेवीस. घराण्याची परंपरा पुढे चालली असे लोकांना वाटले असेल. पण दोन-अडीच वर्षांतच, १९१४ च्या नोव्हेंबरात, त्यांनी पद सोडले. पुढे काही वर्षे निजामांनी स्वतःच कारभार पाहिला. ज्या वयात आपली मुले नोकरीच्या अर्जांवर तिकिटे चिकटवत असतात, त्या वयात हा माणूस राज्यातले सर्वांत मोठे पद भोगून मोकळा झाला होता.

उरलेली पस्तीस वर्षे त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यावर देशोदेशींच्या विक्रेत्यांची रीघ लागलेली असे. परदेशातले दलाल दुर्मीळ वस्तूंच्या याद्या पाठवीत. युरोपच्या आणि मध्यपूर्वेच्या प्रवासांत ते स्वतःही खरेदी करीत. लग्न त्यांनी केले नाही. जहागिरीच्या उत्पन्नाचा मोठा भाग या एका नादावर गेला. हौसेला मोल नसते म्हणतात, ते अशा माणसांकडे पाहूनच म्हटले असावे.

काही वस्तू वाडवडिलांकडून आलेल्या होत्या. संगमरवरी बुरख्याआडून चेहरा दिसतोसा वाटणारी बेन्झोनीची रिबेका आजोबांनी १८७६ मध्ये रोममध्ये घेतली होती. नातवाने त्यात भर घातली ती बेहिशेबी. तीन मोगल बादशहांच्या खुणा असलेले कुराण आणि नूरजहानची म्हणून दाखवली जाणारी कट्यार जिथे, तिथेच हातात धरायच्या काठ्या आणि मुलांची खेळणीही. ही निवड एखाद्या पंडिताची वाटत नाही. कशालाच नाही न म्हणता येणाऱ्या माणसाची वाटते. बाप न पाहिलेले, भरल्या वाड्यात एकटे वाढलेले ते मूल मला त्या खेळण्यांच्या कपाटापाशी दिसते. हा माझ्यातल्या कादंबरीकाराचा अंदाज, पुरावा नव्हे.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. २ मार्च १९४९ रोजी सालारजंग वारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. आणखी सहा महिने जगते, तर पिढ्यान्‌पिढ्यांची गावे हातची गेलेली त्यांना पाहावी लागली असती. घराण्याला जी दौलत पक्की वाटत आली ती जमीन गेली. नादापायी जमवलेली भांडीकुंडी, घड्याळे, पुतळे तेवढे राहिले.

तेही सहज राहिले नाहीत. पोटचा वारस कुणी नव्हता. मालमत्ता पाहायला समिती नेमली गेली. तेव्हाचे मुख्य प्रशासक वेल्लोडी यांच्या मनात या साऱ्याचे संग्रहालय करावे असे आले आणि मांडणीसाठी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांना बोलावण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंनी दिवाण देवडीतच संग्रहालय खुले केले. पण मालकीचा प्रश्न शिल्लक होता. नात्यातल्या हक्कदारांनी १९५८ मध्ये तडजोड केली आणि संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. १९६८ मध्ये तो मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला. दिवाण देवडीच्या आता फक्त वेशी उरल्या आहेत, बाजाराच्या गजबजाटात.

संग्रह करणाऱ्याचे कौतुक आपण करतोच. मला त्या हक्कदारांचेही करावेसे वाटते. वाटणी मागितली असती तर रिबेका एकाच्या दिवाणखान्यात गेली असती, घड्याळ दुसऱ्याच्या आणि खेळणी बहुधा कबाड्याकडे. दावे हाताळण्यात उमेद गेलेल्या माझ्यासारख्याला ती तडजोड त्या साऱ्या वस्तूंइतकीच दुर्मीळ वाटते.

हैदराबादला गेलात तर बाराचे टोले जरूर ऐका. मग मुलांना खेळण्यांच्या कपाटापाशी न्या आणि पुण्यात जन्मलेल्या, वडिलांची आठवणही नसलेल्या त्या मुलाची गोष्ट सांगा. पोटचा वारस त्याला नव्हता. तिकीट काढून आत येणारे आपण सारे त्याचे वारस आहोत, आणि आपल्यात वाटणीवरून भांडण नाही.